जनरलला दूर कोणी पाठवलं?

काका, तुम्ही गेल्याचं मला तुमच्या घरून कळलं नाही. आपलं म्युझियम चालवणाऱ्या डोनाचा मेसेज आला. मी कंपनीच्या शटलमधून उतरत होते, फोन हातातच होता, आणि स्क्रीनवर तुमचं नाव दिसलं, त्याच्यापुढे ते दोन इंग्रजी शब्द, पास्ड अवे. खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, काकूंनी मला फोन का केला नाही? सनीव्हेलमध्ये तुमचं घर माझ्या अपार्टमेंटपासून चालत जाण्याइतकं जवळ. आणि त्यामागोमाग दुसरी शंका आली: तुम्हीच सांगून ठेवलं होतं का, मृणालला कळवू नका म्हणून?

बघा, तुमच्या जाण्याच्या बातमीलाही मी आधी उलटतपासणीला उभं केलं. ही सवय तुमची. तुमचं सगळं नोकरीचं आयुष्य सांता क्लाराच्या एका कंपनीत बिघडलेल्या चिप्स का बिघडल्या ते शोधण्यात गेलं. "मी इंजिनिअर नाही गं, पोस्टमॉर्टेमवाला आहे," असं तुम्ही म्हणायचात. आणि वर सांगायचात, "जे कारण पटकन सापडतं आणि सगळ्यांना आवडतं, त्याच्यावर पहिला संशय घ्यायचा."

आपली ओळखही संशयावरूनच झाली. माझे आईबाबा नागपूरहून आले होते आणि मी त्यांना जनरलचं घर, म्हणजे आताचं ते म्युझियम, दाखवायला आणलं होतं. एके काळी इथे मैलोन्मैल जर्दाळूच्या बागा होत्या, त्यांच्या जागी आता ऑफिसं उभी आहेत, आणि मधेच एका टेकडीवर ते पांढरं लाकडी घर, मागच्या अंगणात मिरीच्या झाडाची सावली, आपल्याकडचा वेल नव्हे, मोठं डेरेदार झाड. गळ्यात व्हॉलंटिअरचा बिल्ला घातलेले एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ स्वच्छ इंग्रजीत जनरलचा पराक्रम सांगत होते. धुक्याची पहाट, नदी, लाकडी पूल, मूठभर शिपाई आणि समोरून येणारी शत्रूची पलटण. बाबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हे सगळं खरं कशावरून?" त्यांना वाटलं, मराठी इथे कोणाला कळतंय! तुम्ही वाक्य पूर्ण केलंत, टूरमधल्या बाकीच्यांना पुढच्या खोलीत जायला हाताने खुणावलंत आणि बाबांजवळ येऊन शांतपणे म्हणालात, "मलाही तोच प्रश्न आहे हो."

बाबा अजून तो किस्सा सांगतात. तुम्ही गेल्याचं कळवलं तेव्हाही फोनवर आधी तोच सांगितला.

मग मीही तिथे व्हॉलंटिअर म्हणून जायला लागले. कारण काय, तर काकूंनी तुमचं फ्रीवेवर गाडी चालवणं बंद करायला लावलं होतं आणि मला शनिवारी काही काम नसायचं. मी ड्राइव्ह करायची, तुम्ही शेजारी बसून वाद घालायचात. जनरलच्या घरात तीन खोल्या, त्याच्या आयुष्याचे तीन भाग. पहिली शिपायाची, दुसरी सरकारी अधिकाऱ्याची, तिसरी राजदूताची. तुमचं भांडण तिन्ही खोल्यांशी होतं.

पहिल्या खोलीत तो अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला तरुण. तुमचं म्हणणं, पूल राखल्याची गोष्ट सांगणारे खूप आहेत, पण त्या सगळ्यांना ती जनरलनेच सांगितलेली. "त्या पहाटे त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या एकाही शिपायाचं नाव या खोलीत का नाही? मूठभर होते ना? मग नावं सांगायला किती जागा लागणार होती?" आणि मुळात तो जनरल नव्हताच. युद्ध संपलं तेव्हा कर्नल होता. गावातल्या लोकांनी कौतुकाने जनरल म्हणायला सुरुवात केली आणि त्याने कोणाला थांबवलं नाही. "मलाही सोसायटीत सगळे डॉक्टर म्हणायला लागले असते, तर मी थांबवलं असतं का?" मी विचारायचे. "तू थांबवलं असतंस," तुम्ही म्हणायचात. "म्हणून तर तुझ्या गाडीत बसतो."

दुसरी खोली तुम्हाला सगळ्यात जास्त सलायची. युद्धानंतर तो इकडे पश्चिमेला आला आणि जमीन मोजणीचा मोठा सरकारी अधिकारी झाला. या खोऱ्यातल्या जुन्या मेक्सिकन कुटुंबांच्या जमिनी कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, ते त्याने ठरवायचं. खोलीत त्याची पितळी दुर्बीण आहे, मोजणीची लोखंडी साखळी आहे आणि भिंतीवर एक वाक्य, की या माणसाने कधी कोणाकडून एक पैसा घेतला नाही. तुम्हाला त्या वाक्यावर संशय नव्हता. "नसेल घेतला," तुम्ही म्हणायचात. "पण मोजणी सुरू झाली तेव्हा जमिनी ज्यांच्या होत्या आणि मोजणी संपली तेव्हा ज्यांच्या झाल्या, ती माणसं वेगळी आहेत. प्रामाणिक माणसाच्या हातून हे कसं झालं? चोर असता तर मला कोडंच पडलं नसतं."

आणि तिसरी खोली. नाव गाजत असताना, वय उताराला लागलेलं नसताना, त्याला एकदम दक्षिण अमेरिकेतल्या एका लहानशा देशात वकील म्हणून पाठवून दिलं. राजदूत हा शब्द तुम्हाला आवडायचा नाही, तुम्ही जुना शब्द वापरायचात, वकील. तिथे तो कित्येक वर्षं राहिला. परत आला तो पांढरी दाढी आणि मिरीच्या झाडाचं बी घेऊन. त्यानंतर मरेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिला आणि त्या वर्षांबद्दल कोणाशी फारसं बोलला नाही. म्युझियममध्ये याला सन्मान म्हणतात. तुम्ही म्हणायचात, "सन्मान कसला? ज्याला वाटेतून काढायचं असतं, त्याला असं गोड बोलून लांब पाठवतात. कोणी काढलं, एवढंच शोधायचं आहे."

मी म्हणाले होते, "शत्रूनेच कशाला? घरातल्या कोणीतरी पाठवलं असेल."

"घरातल्या म्हणजे?"

"बायकोने. तिचा फोटो बघा ना काका. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यातला कोणीतरी एक दिवस बंदूक घेऊन दारात येईल, असं तिला वाटत असणार. तिनेच कोणाला तरी गाठून सांगितलं असेल, यांना इथून लांब न्या."

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पुरावा?"

"नाही."

"मग ही कादंबरी झाली."

तो वाद तसाच राहिला. त्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी दुसरं एक सांगायचं आहे, नाहीतर ते राहून जाईल.

माझी नोकरी गेली होती तेव्हाची गोष्ट. आमची अख्खी टीमच कमी केली होती. व्हिसाची मुदत डोक्यावर, आणि जो तो फोन करून म्हणत होता, तुझी काही चूक नाही गं, कंपन्या अशाच असतात. मला त्यातल्या एकाचंही खरं वाटत नव्हतं. तुम्ही डबा घेऊन आलात, जोडे काढलेत, सोफ्यावर बसलात आणि विचारलंत, "तुझं काम वाईट होतं का?" असं तोंडावर विचारणारे तुम्ही एकटेच. मी विचार केला, खरंच केला, आणि म्हणाले, "नाही." "मग झालं," तुम्ही म्हणालात. "आता जेव." माझा माझ्यावर विश्वास बसला तो त्या प्रश्नामुळे. संशय घेणाऱ्या माणसाने दिलेलं सर्टिफिकेट होतं ते. बाकीच्यांची मी वाचलीसुद्धा नाहीत.

म्हणून तर पुढे जे झालं ते इतकं लागलं.

त्या शनिवारी टूरमध्ये एक बाई होत्या. साठीच्या असतील, लेकीला घेऊन आलेल्या. दुसऱ्या खोलीत साखळीपाशी त्या थांबल्या आणि कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ही टेकडी आमची होती. माझ्या आजीची आजी इथे जन्मली." अशा वेळी व्हॉलंटिअरने काय म्हणायचं ते आपल्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे: थँक यू फॉर शेअरिंग, आणि पुढच्या खोलीकडे चला. तुम्ही ते म्हणाला नाहीत. तुम्ही साखळीवर हात ठेवलात, जे करायला सक्त मनाई आहे, आणि इंग्रजीत म्हणालात, "मॅडम, मोजणीची साखळी धरायला दोन माणसं लागतात. एक टोक या माणसाच्या खात्याकडे होतं. दुसरं कोणाच्या हातात होतं, ते मी अजून शोधतोय. पण तुमच्या माणसांच्या हातात नव्हतं, एवढं मला कळलंय." त्या बाईंनी तुमच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. एक माणूस मात्र बायकोला घेऊन टूर सोडून निघून गेला.

आणि तिसऱ्या खोलीत तुम्ही थांबलात. जनरलच्या तसबिरीसमोर उभे राहिलात, तोंड उघडलंत आणि शब्द आलेच नाहीत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुम्हाला ओळखते, पण त्या क्षणी तुम्ही मला ओळखत नव्हतात. मग तुम्हाला सगळं परत आठवलं. राहिलेली टूर मी पूर्ण केली. नंतर पार्किंगमध्ये तुम्ही गाड्यांच्या मधून फिरत राहिलात, मी समोर किल्ली घेऊन उभी असताना. मी हाक मारली तेव्हा म्हणालात, "ऊन फार आहे," आणि गाडीत बसलात. घरी जाताना जनरलचा विषय निघाला नाही.

पार्किंगमधलं मी काकूंना सांगितलं. फक्त काकूंना. त्या दारातच उभ्या होत्या, मला म्हणाल्या, "बरं केलंस सांगितलंस." त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

पुढच्या शनिवारी डोनाने तुम्हाला तिच्या केबिनमध्ये बोलावलं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा गळ्यातला बिल्ला नव्हता. गाडीत बसल्यावर तुम्ही बेल्ट लावलात, काचेतून समोर बघत राहिलात आणि म्हणालात, "मला विश्रांती घ्यायला सांगितली आहे. माझी काळजी असलेल्या कोणीतरी फोन केला म्हणे. मी लोकांना वाटेल ते सांगतो, मधेच विसरतो आणि पार्किंगमध्ये हरवतो."

मी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"पार्किंगचं तू कोणाला सांगितलं होतंस?"

"काकूंना."

"आणखी कोणाला?"

"कोणालाच नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात.

तुमच्यासमोर दोनच नावं होती काका. पोस्टमॉर्टेमवाल्याला दोनातून एक निवडायला कितीसा वेळ लागतो? तुम्ही माझं निवडलंत.

तोंडावर म्हणाला नाहीत कधी. तसं म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. तुम्ही नुसते सभ्य झालात. मी फोन केला की तुम्ही इंग्रजीत बोलायला लागलात. "थँक यू फॉर कॉलिंग, मृणाल." मराठीत मला कधी तुम्ही थँक यू म्हणाला नव्हतात. दारात आले तर काकू म्हणायच्या, झोपलेत गं, आणि आतून टीव्हीचा आवाज यायचा. म्युझियममध्येही हवा बदलली. चहाच्या टेबलावर मी आले की बाकीचे व्हॉलंटिअर हवापाण्याचं बोलायला लागायचे. मी तुमच्या पद्धतीने शोधत बसले. डोना खोटं बोलत असेल का? तो टूर सोडून गेलेला माणूस? पण त्याला पार्किंगचं कुठून कळणार! काकूंचं नाव मनात आलं की मी ते लगेच बाजूला सारायची. मला ते पटकन सापडलं होतं, पण आवडत नव्हतं. म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणे तेच खरं असण्याची शक्यता होती.

आणि मग डोनाचा तो मेसेज.

तुमच्या घरी गेले तेव्हा दार समीरने उघडलं. तुमच्या मुलाला मी त्याआधी फक्त फोटोत पाहिलं होतं. जर्सी सिटीहून रात्रीच्या फ्लाइटने आला होता, दाढी वाढलेली. "सो यू आर मृणाल," एवढंच म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. त्या चार शब्दांत मला सगळं कळलं. तुम्ही त्याला सांगितलं होतंत.

काकू स्वयंपाकघरात होत्या. कोणीतरी आणून दिलेले डबे ओट्यावर तसेच पडलेले, आणि त्या एकट्याच उभ्या राहून चहा गाळत होत्या. दुपारी जेवून तुम्ही खुर्चीत बसलात, त्या आत भांडी आवरत होत्या, बाहेर येऊन बघतात तो मान एका बाजूला कललेली. हे त्यांनी मला असं सांगितलं, जसं दुसऱ्या कोणाच्या घरातलं सांगत असाव्यात. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेच होते, हृदय आणि ते विसरणं, दोन्हीकडे लक्ष ठेवा. डोनालाही मी तेच म्हटलं होतं."

त्यांच्या हातातली गाळणी थांबली. माझ्याही लक्षात आलं आणि त्यांच्याही.

"डोनाला तुम्ही कधी म्हटलं होतं काकू?"

त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "मीच केला फोन."

मी विचारलं, "काका माझ्यावर संशय घेत होते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"मग काय! सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. तुला ठाऊक आहे ते कसे होते. आणि या घरात आम्ही दोघंच होतो गं. तू तुझ्या घरी जात होतीस. मला इथेच राहायचं होतं." मग म्हणाल्या, "तिथे लोकांसमोर एक दिवस त्यांना आपलं नावसुद्धा आठवलं नसतं. सगळे हसले असते. मला ते नको होतं. घरात विसरू देत, म्हटलं. घरात मी आहे."

मला राग आला काका, तुमच्या बायकोचा, तुम्ही जाऊन दोन दिवसही झालेले नसताना. आणि तरीही त्यांनी समोर ठेवलेला तो कप मी उचलला आणि चहा प्यायले. तेव्हा मला जनरलची बायको आठवली. पुराव्याशिवाय मी रचलेली ती कादंबरी, जिच्यावर तुम्ही चष्मा काढून हसला होतात. जनरलच्या बाबतीत ती खरी आहे की नाही, मला अजूनही माहीत नाही. तुमच्या बाबतीत ती तुमच्याच स्वयंपाकघरात घडत होती.

निघताना काकू म्हणाल्या, "आदल्या दिवशी म्हणाले होते, मृणालला रविवारी जेवायला बोलाव. फार दिवस झाले म्हणाले."

त्या डब्यांची झाकणं लावत होत्या.

म्युझियममध्ये तुमच्यासाठी एक छोटी सभा ठेवली. मागच्या अंगणात, मिरीच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. डोना मला म्हणाली, दोन शब्द तू बोल, त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त तू होतीस. ते म्हणताना तिची नजर माझ्याकडे नव्हती. तिला तर फोन कोणाचा होता ते माहीत होतं. पण शब्द दिला म्हणून ती कोणाला बोलली नव्हती, आणि बाकीच्यांनी आपापला निष्कर्ष काढला होता. पुढच्या रांगेत काकू आणि समीर बसले होते.

मी तुमच्याबद्दल कमी बोलले, जनरलबद्दल जास्त. तो पुलावर उभा होता की नाही, याचा साक्षीदार तुम्ही शोधत होतात, हे सांगितलं. तो प्रामाणिक होता असं तुम्ही मानत होतात आणि म्हणूनच त्याला माफ करत नव्हतात, हेही सांगितलं. टेकडी आपली होती म्हणणाऱ्या त्या बाईंना तुम्ही काय उत्तर दिलंत, ते जसंच्या तसं सांगितलं, आणि डोनाने मान खाली घातली नाही, याचं मला बरं वाटलं. त्या फोनबद्दल मी काहीच बोलले नाही. माझी बाजू मांडायला ती जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर ज्याच्यासमोर मांडायची होती तो माणूसच नव्हता. मी खाली बसले.

तेव्हा काकू उठल्या. त्या कार्यक्रमात बोलणार असं ठरलेलं नव्हतं. म्युझियममध्ये त्या याआधी कधी पाऊलही टाकायच्या नाहीत, तुम्हाला माहीत आहे. म्हणायच्या, मेलेल्या साहेबाच्या घरात मला काय काम! समीरला वाटलं त्यांना बाथरूमला जायचं आहे, तो हात द्यायला उठला. त्यांनी तो हात बाजूला केला, लोकांकडे तोंड केलं, पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि म्हणाल्या, "आय कॉल्ड डोना. मी, हिज वाइफ. नॉट धिस गर्ल. माय हजबंड थॉट धिस गर्ल. आय डिड नॉट टेल हिम." मग शब्द सापडेनात, तेव्हा समीरकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सांग यांना. हिचं काही चुकलेलं नाही. मीच घाबरले होते."

समीरने लगेच भाषांतर केलं नाही. तो आईकडे बघत होता. मग त्याने केलं, हळू आवाजात, आणि शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून केलं. नंतर खुर्च्या घड्या घालताना तो माझ्याजवळ आला. "आय बिलीव्ह्ड हिम," म्हणाला. मी म्हणाले, "तुझे वडील होते. विश्वास ठेवायलाच हवा."

आता मला छळणारी शंका वेगळीच आहे. दोन नावं होती ना तुमच्यासमोर? इतकी वर्षं बिघाडाचं खरं कारण शोधून काढणारा माणूस दोनातलं चुकीचं नाव निवडेल? मला वाटत नाही. मला वाटतं, तुम्हाला कळलं होतं. त्या गाडीत, "बरं" म्हणालात तेव्हाच. आणि तुम्हीही तोच हिशेब केलात जो काकूंनी केला: मृणाल तिच्या घरी जाते, हिच्याबरोबर मला राहायचं आहे. एकमेकांना वाचवायला तुम्ही दोघांनी मलाच पुढे केलंत, आणि तुम्ही दोघंही एकमेकांशी त्याबद्दल बोलला नाहीत. असं असेल तर तुम्ही माझ्यावर संशय घेतलाच नव्हतात. मग ते इंग्रजी, तो टीव्हीचा आवाज, समीरला सांगितलेलं, सगळं सोंग होतं. ते मला बरं वाटावं की जास्त वाईट, हे अजून ठरत नाही. कधी वाटतं, इतका भरवसा तुम्ही फक्त माझ्यावरच टाकू शकला असतात. कधी वाटतं, मी स्वतःची समजूत काढते आहे, आणि खरं एवढंच, की तुम्ही चुकलात. तुमचंही डोकं थकलं होतं. जनरलचा पूलही कदाचित असाच असेल. खरा असेल, नसेलही; त्या धुक्यातलं सांगणारा तोच एक होता.

या सगळ्यात एकच गोष्ट तपासून बघण्यासारखी होती. रविवारचं जेवण. तुम्ही खरंच बोलावलं असेल, तर फोन माझा नव्हता हे तुम्हाला माहीत होतं.

सभा संपल्यावर समीर कोणाला तरी सोडायला एअरपोर्टवर गेला आणि काकूंना मी घरी सोडलं. त्या पुढे बसल्या, तुमच्या जागेवर. बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं.

"काकू, काका खरंच म्हणाले होते? मला जेवायला बोलाव म्हणून? की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही..."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मी गाडी पुढे घेतली.

"रविवारी ये," काकू म्हणाल्या. "त्यांनी बोलावलं असो नाहीतर मी. कढी तीच असणार आहे."

काका, मी पुन्हा विचारलं नाही. रविवारी गेले. काकूंनी ताटं दोनच घेतली होती, आणि आम्ही दोघी जेवलो.